लस दिली, तरी शेडात खुरखुर? आयबीतल्या या चुका टाळा

पन्हाळा-शाहूवाडीकडं झड लागली की पोल्ट्रीवाले पडदे खाली सोडतात आणि आठवड्याभरात फोन येतो : "डॉक्टर, रात्री पक्षी खुरखुर करतायत. लस तर दिलीय की!" लस खरंच दिलेली असते. घोडं अडतं ते दुसरीकडं.

आयबी म्हणजे इन्फेक्शियस ब्राँकायटिस हा एकच विषाणू आहे असं धरून चालणं, ही सगळ्यात महागात पडणारी चूक. हा कोंबड्यांचा कोरोना विषाणू. १९३१ साली अमेरिकेत नॉर्थ डाकोटात त्याची पहिली नोंद झाली, तेव्हापासून तो रूप बदलतोच आहे. आरएनएची, म्हणजे त्याच्या जनुकीय द्रव्याची, नक्कल करताना चुका होतात, आणि एकाच पक्ष्यात दोन प्रकार शिरले तर त्यांच्यात तुकड्यांची अदलाबदलही होते. सर्वांत जास्त बदलतो तो बाहेरच्या काट्याचा 'एस-१' भाग, आणि पक्ष्याची प्रतिकारशक्ती विषाणू ओळखते ती मुख्यतः त्याच्यावरूनच. म्हणून मॅसॅच्युसेट्स प्रकारच्या एच-१२० लसीवर ७९३-बी किंवा क्यूएक्स हे आयबीचे दुसरे प्रकार पुरते अडतीलच असं नाही. दोन वेगळ्या प्रकारांच्या लसी मिळून आवाका वाढतो, पण शेजाऱ्याचं वेळापत्रक उचलून नको.

रोग किती जोराचा आहे हे नुसत्या आवाजावरून ठरवू नका. काही प्रकार मूत्रपिंडावर बसतात. शिंका दोन-चार दिवसांत थांबतात, आपण निश्चिंत होतो, आणि मग पक्षी पाणी ओढू लागतात, लिटर (खाली अंथरलेलं तूस) चिकचिकतं, मर वाढते. लोक तूस बदलतात, खाद्याला शिव्या घालतात. मेलेला पक्षी डॉक्टरांकडून उघडून घ्या : सुजलेली, फिकट मूत्रपिंडं आणि पांढरे युरेट (लघवीतले खडूसारखे क्षार) दिसले तर जास्त प्रथिनांचं खाद्य आणि मूत्रपिंडाला जड जाणारी औषधं लगेच थांबवायला हवीत. लेअरमध्ये, म्हणजे अंड्यावरच्या कोंबड्यांत, पहिल्या दोन आठवड्यांत लागण झाली, तर काहींची अंडनलिका कायमची बिघडते. तुरा लालबुंद, खाणं जोरात, अंडं मात्र नाही. अशा कोंबडीला वर्षभर पोसणारे मी पाहिलेत.

पहिल्याच दिवशी अँटिबायोटिक? विषाणूवर त्याचा काही उपयोग नाही. मागून येणाऱ्या ई. कोलाय जिवाणूसाठी ते कधी लागतं, पण त्याला दार उघडतो बंद पडद्याआडचा अमोनिया. पडदा वरच्या बाजूनं वीतभर उघडा ठेवा, पावसातही.

ब्लीचिंगच्या पाण्यात लस देऊ नका. मानमोडीची (राणीखेत) आणि आयबीची सुटी लस लगोलग देऊ नका, आयबीमुळं मानमोडीची लस कमी लागू पडते.

नमुने पहिल्याच आठवड्यात श्वासनलिकेतून घ्या. उशीर झाला असेल तर मूत्रपिंड आणि आंधळ्या आतड्याजवळच्या गाठी पाठवा. पुण्यात औंधला रोग अन्वेषण विभाग आहे. पीसीआर तपासणीत विषाणू आहे एवढंच कळतं, तिच्यावर थांबू नका, प्रकार कळायला एस-१ चा जनुकीय क्रम मागा. आणि चिठ्ठीवर लसीचं नाव, तारीख लिहाच. नाहीतर "आयबी सापडला" असा अहवाल येतो आणि सापडलेली असते तुम्हीच दिलेली लस.