परकीय राज्याविरुद्ध गोव्यात दावा लावण्यापूर्वी
धर्मादाय संस्थेमार्फत दहशतवादाला पैसा पुरवल्याचा आरोप ठेवून एखाद्या परकीय राज्याविरुद्ध, म्हणजे परदेशाविरुद्ध, भरपाई मागायची असेल, तर वादपत्र लिहिण्याआधी दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ चे कलम ८६ वाचावे. कारण केंद्र सरकारची संमती, तीही सचिवाच्या लेखी प्रमाणपत्रासह, मिळाल्याशिवाय असा दावा लावता येत नाही. राज्याने न्यायालयाच्या हद्दीत व्यापार केला असेल किंवा दावा लागू न होण्याचा आपला विशेषाधिकार सोडला असेल, अशा मोजक्याच प्रसंगी ती देता येते. दहशतवादासाठी वेगळा अपवाद त्यात नाही, आणि पीडितांच्या दृष्टीने ही उणीव मला फार बोचते. अमेरिकेने २०१६ साली कायदा करून आपल्या भूमीवरील हल्ल्यांपुरती वाट उघडली. तिथेही परकीय राज्याचा नुसता निष्काळजीपणा पुरत नाही.

पुराव्याची मांडणी मात्र आपल्या हातात असते. म्हापशाच्या कार्यालयात मी अशिलाला वहीच्या पानावर चार रकाने आखायला सांगतो: तारीख, रक्कम, देणारा, आणि कोणाच्या आदेशाने. चौथा रकाना रिकामा राहिला, तर पैसा संस्थेचा ठरतो, राज्याचा नव्हे.

संमती नाकारण्यापूर्वी अर्जदाराचे म्हणणे ऐकणे सरकारला बंधनकारक आहे. ते ऐकले नसल्यास पर्वरीच्या उच्च न्यायालयात रिट याचिका करावी.