मॅक्रो लेन्स कशी पारखावी

मॅक्रो लेन्स, म्हणजे लहान वस्तू अगदी जवळून टिपणारी लेन्स, तपासताना आधी स्वतःच्या मांडणीवर शंका घ्या, मग लेन्सवर. १:१ मॅग्निफिकेशनला, म्हणजे वस्तू सेन्सरवर तिच्या खऱ्या मापाची उमटते तेव्हा, फुल-फ्रेम कॅमेऱ्यावर (सेन्सर ३६×२४ मिमी) एफ/२.८ ला (हा आकडा लेन्सच्या छिद्राचा, म्हणजे अ‍ॅपर्चरचा; तो जितका लहान तितकं छिद्र मोठं) रेखीव दिसणारा थर जेमतेम एक तृतीयांश मिलिमीटर जाड असतो. कॅमेरा एका अंशाने जरी कलला, तरी ३६ मिमी रुंद फ्रेमच्या एका कडेपासून दुसरीपर्यंत ०.६ मिमीचा फरक पडतो. अशा फोटोत एक बाजू धूसर आली तर त्यात लेन्सचा काही दोष नाही.

१. कॅमेरा समांतर करा. टेबलावर छोटा सपाट आरसा ठेवा, कॅमेरा ट्रायपॉडवर खाली तोंड करून लावा आणि आरशात लेन्सच्याच प्रतिबिंबावर फोकस करा. प्रतिबिंब फ्रेमच्या बरोबर मध्यभागी आलं की झालं. ही युक्ती स्पिरिट लेव्हलपेक्षा कितीतरी भरवशाची आहे. मग आरसा काढून बारीक छपाई असलेला सपाट कागद काचेखाली दाबून ठेवा.

२. थरथर घालवा. टायमर, इलेक्ट्रॉनिक शटर, स्टॅबिलायझेशन बंद. फाइल रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली हवी, आणि सॉफ्टवेअरमधलं लेन्स करेक्शन बंद हवं. नाहीतर तुम्ही लेन्स नव्हे, सॉफ्टवेअर तपासाल.

३. मॅग्निफिकेशन मोजा. स्टीलच्या मोजपट्टीचा फोटो काढा. फुल-फ्रेमवर आडवे ३६ मिमी दिसले तर १:१ खरं आहे.

४. एकेक अ‍ॅपर्चर घेत चला. पूर्ण उघड्यापासून एफ/१६ पर्यंत फोटो काढा आणि मध्य व चारही कोपरे १०० टक्के मोठे करून पाहा. इथे एक गोष्ट पुष्कळांच्या नजरेतून सुटते. १:१ ला लेन्सवरचा एफ-आकडा प्रत्यक्षात साधारण दुप्पट होतो, त्यामुळे एफ/११ हा एफ/२२ सारखा वागतो. तेवढ्या बारीक छिद्रातून गेलेल्या हिरव्या प्रकाशाचा एक बिंदू विवर्तनामुळे (बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो त्यामुळे) सुमारे ३० मायक्रॉनचा ठिपका बनतो, आणि २४ मेगापिक्सलच्या फुल-फ्रेम सेन्सरचा पिक्सल असतो ६ मायक्रॉनचा. म्हणून एफ/११ ला फोटो मऊ दिसला तर लेन्सला नावं ठेवू नका. तो प्रकाशाचा गुणधर्म आहे, सगळ्याच लेन्सना तो लागू होतो. खरी परीक्षा एफ/२.८ ते एफ/५.६ मध्ये होते.

कोपरे धूसर वाटले तर कोपऱ्यावर नव्याने फोकस करून आणखी एक फोटो घ्या. आता कोपरा रेखीव आला पण मध्य बिघडला, तर लेन्सचं फोकसचं प्रतल वक्र आहे. किडे-फुलं टिपणाऱ्याला ते फारसं जाणवणार नाही. नाणी, तिकिटं किंवा फिल्मच्या निगेटिव्ह कॉपी करणाऱ्याला मात्र रोज छळेल. एकच कोपरा वाईट असेल तर कागद आहे तिथेच ठेवून कॅमेरा १८० अंशांत फिरवा आणि आरशाने पुन्हा जुळवा. दोष फ्रेमच्या त्याच कोपऱ्यात राहिला तर आतली एखादी काच सरकलेली असण्याची दाट शक्यता आहे, आणि अशी लेन्स परत करावी.

५. रंगांच्या कडा. मोजपट्टी ४५ अंशांत तिरकी ठेवा, मधल्या रेघेवर फोकस करा आणि अ‍ॅपर्चर पूर्ण उघडा. फोकसच्या पुढच्या रेघांना सहसा जांभळट-गुलाबी आणि मागच्यांना हिरवट कड येते. ती जितकी फिकी तितकी लेन्स उत्तम, कारण ही छटा सॉफ्टवेअरने नीट निघत नाही. छिद्र एक-दोन स्टॉप (पायऱ्या) बंद केल्यावर ती किती ओसरते तेही पाहा. कोपऱ्यातल्या रेघांच्या एका बाजूला लाल आणि दुसऱ्या बाजूला निळसर कड दिसली तर तो दोष वेगळा. तो अ‍ॅपर्चर बंद करून जात नाही, पण एका क्लिकने दुरुस्त होतो.

शेवटी चुरगळलेली अ‍ॅल्युमिनियम फॉइल मागे धरून तिचे चमकते ठिपके फोकसबाहेर कसे दिसतात ते बघा. १:१ ला पार्श्वभूमी जवळजवळ नेहमीच विरघळते, त्यामुळे हे ठिपके गोल, एकसारखे आहेत की त्यांना कडक कडा आणि आत वर्तुळं आहेत, याने फोटोचा चेहरामोहरा बदलतो. हीच चाचणी १:२ आणि १:४ लाही करा, कारण काही लेन्स एका अंतरावर सुरेख आणि दुसऱ्यावर साधारण असतात.