लांब पल्ल्याच्या धावण्याचा नेम वर्षभर कसा टिकवावा

धावायला सुरुवात करणे फारसे अवघड नाही. बडोद्यात थंडी पडू लागली की कमाटीबागेच्या फाटकाशी पहाटे नवे बूट घातलेली माणसे दिसू लागतात, नावनोंदणी होते, जानेवारी-फेब्रुवारीच्या सुमारास शहराची मॅरेथॉन पार पडते, आणि होळी उलटली की त्याच फाटकाशी नेहमीचे चार-सहा चेहरे उरतात. जे दिसेनासे होतात ते आळशी असतात असे मला कधीच वाटले नाही. त्यांनी सगळी भिस्त उत्साहावर ठेवलेली असते आणि उत्साह थंडीबरोबर ओसरतो. आपल्या घरांत या गोष्टीसाठी ‘नेम’ हा जुना शब्द आहे. माझ्या आजीचा तुळशीला पाणी घालण्याचा नेम होता. तिला दररोज त्याची हौस वाटत असेल असे नाही, पण आंघोळ झाली की तांब्या आपोआप हातात येई. धावणे त्या तांब्याच्या जागी नेऊन ठेवणे, एवढाच या लेखाचा विषय आहे.

नोकरी-व्यवसाय आणि घर सांभाळून २१ किंवा ४२ किलोमीटर धावू पाहणाऱ्या, बक्षिसाची शक्यता नसलेल्या आणि धावले नाही तर कोणी जाबही विचारणार नाही अशा वाचकांसाठी हे लिहीत आहे. वय चाळिशीपुढे असेल, किंवा रक्तदाब, मधुमेह वा हृदयविकाराचा इतिहास असेल, तर आधी डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यावी आणि मगच पुढे वाचावे.

पहिली पायरी: कारण लिहून काढावे

‘आरोग्यासाठी धावतो’ हे कारण पहाटे पाच वाजता कामाला येत नाही, कारण एक दिवस न धावल्याने आरोग्य बिघडत नाही हे त्या वेळी मनाला नेमके ठाऊक असते. कारण आपले स्वतःचे आणि नेमके असावे: वडिलांना पन्नाशीत जडलेला मधुमेह मला शक्य तितका लांबवायचा आहे, दिवसातला एक तास मला माझा एकटीचा हवा आहे, धाकट्या भावाबरोबर एकदा २१ किलोमीटर पुरे करायचे आहेत. असे एकच वाक्य वहीच्या पहिल्या पानावर लिहावे आणि त्याखाली शर्यतीचे अंतर व महिना लिहावा.

पहिल्या वर्षी वेळेचे ध्येय ठेवू नये, अंतर पुरे करण्याचे ठेवावे. बेळगावचे फडेप्पा चौगुले १९२० साली अँटवर्पच्या ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन धावले, तेव्हा ४२.१९५ किलोमीटर हे अंतर कायमचे ठरलेले नव्हते आणि त्या शर्यतीचा मार्ग त्याहून अर्ध्या किलोमीटरने लांब होता. ते १९ वे आले. शंभर वर्षांनंतरही त्यांचे नाव घ्यावेसे वाटते ते केवळ क्रमांकासाठी नव्हे, आणि ज्यांना क्रमांक मिळणारच नाही अशा आपल्यासारख्यांनी तर घड्याळाच्या मागे लागून पहिले वर्ष वाया घालवू नये.

दुसरी पायरी: निर्णय रात्रीच संपवावा

पहाटे अंथरुणात ‘जाऊ की नको’ हा प्रश्न उभा राहू दिला, तर त्याचे उत्तर बहुतेक वेळा ‘नको’ असेच येते. म्हणून पहाटेसाठी कोणताही निर्णय शिल्लक ठेवू नये. माझ्या दाराशी रात्री झोपण्यापूर्वी पुढील मांडणी झालेली असते: बुटांच्या नाड्या सैल केलेल्या, उजव्या बुटात दोन्ही मोजे, डाव्या बुटात घराची किल्ली आणि वीस रुपयांची नोट, बाजूच्या स्टुलावर धावण्याचे कपडे, आणि ओट्यावर पाण्याचा पेला झाकून ठेवलेला. किती धावायचे आणि कोणत्या रस्त्याने, हेही रात्रीच ठरलेले असते. डोळे अर्धवट मिटलेले असतानाही पाय मोज्यात जातो, आणि एकदा नाडी बांधली की परत झोपायला कोणी जात नाही.

याला एक जोड द्यावी, ती म्हणजे दहा मिनिटांची सूट. अगदीच नको वाटत असेल तर फक्त दहा मिनिटे जायचे आणि तरीही नको वाटले तर निःसंकोच परत यायचे, असे स्वतःशी ठरवावे आणि ते प्रामाणिकपणे पाळावे. परत येण्याची मुभा खरी असेल तरच ही युक्ती चालते; मनाला फसवले तर ते तिसऱ्या दिवशी ओळखते.

तिसरी पायरी: सावकाश धावावे

नेम मोडण्याचे सर्वांत मोठे कारण मला विचाराल तर ते वेग हेच आहे. नवशिका रोज जोरात धावतो, रोज दमून घरी येतो, आणि महिन्याभरात धावणे म्हणजे धाप आणि दुखणे असे समीकरण त्याच्या मनात पक्के होते. हृदय आणि फुप्फुसे काही आठवड्यांत सुधारतात, पण स्नायूबंध आणि हाडे यांना भार पेलायला कित्येक महिने लागतात. त्यामुळे दम वाढला म्हणून वेग वाढवणारा माणूस नडगीच्या किंवा टाचेच्या दुखण्याने घरी बसतो.

वेग योग्य आहे की नाही हे ओळखायला यंत्र लागत नाही. धावता धावता एकोणतिसाचा पाढा मोठ्याने म्हणून पाहावा. ‘एकोणतीस त्रिक सत्त्याऐंशी’पर्यंत वाक्य न तुटता जात असेल तर वेग बरोबर आहे, आणि प्रत्येक शब्दागणिक श्वास घ्यावा लागत असेल तर वेग कमी करावा किंवा सरळ चालावे. आठवड्यातल्या चार धावांपैकी तीन या वेगाने व्हाव्यात. आठवड्याचे एकूण अंतर हळूहळू, म्हणजे सर्वसाधारणपणे एका वेळी दहा टक्क्यांपेक्षा जास्त नाही असे वाढवावे आणि दर चौथ्या आठवड्यात ते मुद्दाम कमी करावे.

चौथी पायरी: भिंतीवर नोंद ठेवावी

मोबाइलमधली नोंद उपयोगी असली तरी ती दिसत नाही. स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेच्या चौकटीत दूध, गॅस आणि धुण्याच्या हिशेबाशेजारीच धावण्याची मिनिटे लिहावीत, किलोमीटर नव्हे. उन्हाळ्यात त्याच मिनिटांत अंतर कमी भरते आणि किलोमीटर मोजणारा विनाकारण खट्टू होतो. मिनिटांखाली झोपेचे तास आणि एक शब्द लिहावा: ‘हलके’, ‘जड’, ‘गुडघा’. तीन महिन्यांनी ही चौकट मागे जाऊन वाचली की ‘जड’ हा शब्द नेहमी पाच तासांच्या झोपेखाली येतो, हे कोणी सांगावे लागत नाही.

पाचवी पायरी: बडोद्याचे वर्ष ओळखून आखणी करावी

परदेशी वेळापत्रक जसेच्या तसे उतरवून घेणाऱ्याचा इथे हमखास हिरमोड होतो, कारण त्यात आपला मे महिना नसतो, नवरात्र नसते आणि उत्तरायणही नसते.

एप्रिल ते जून या काळात दुपारचा पारा ४० अंशांच्या पुढे जातो आणि सूर्य सहाच्या सुमारास वर येतो, म्हणून साडेसहाच्या आत घरी परतता येईल अशी वेळ धरावी. उष्ण हवेत शरीर थंड राखण्यासाठी हृदयाला त्वचेकडे जास्त रक्त पाठवावे लागते, त्यामुळे हिवाळ्यातल्याच वेगाला नाडी कितीतरी जास्त धावते. हे ठाऊक नसलेला माणूस स्वतःला दुबळा समजू लागतो आणि धावणे सोडतो. शरीराला नव्या उष्णतेची सवय व्हायला साधारण दहा ते चौदा दिवस लागतात. तेवढे दिवस अंतर निम्मे ठेवावे. या तीन महिन्यांत प्रगतीची अपेक्षाच ठेवू नये, नेम तेवढा राखावा.

पावसाळ्यात हवेतल्या दमटपणामुळे घाम वाळत नाही, म्हणून ढगाळ सकाळीही वेग आवरता घ्यावा. विश्वामित्रीच्या काठचे रस्ते जोराच्या पावसानंतर टाळावेत. २०२४ च्या ऑगस्टमध्ये पुराचे पाणी वस्त्यांत शिरले तेव्हा मगरी रस्त्यांवर आल्या होत्या, आणि पाणी ओसरल्यावरही चिखलाखालचा खड्डा दिसत नाही. अशा दिवशी जिन्याचे वीस-पंचवीस मिनिटे चढ-उतार केले तरी चौकट रिकामी राहत नाही.

नवरात्रात मध्यरात्रीपर्यंत गरबा खेळून पहाटे वीस किलोमीटर धावण्याचा हट्ट दरवर्षी कोणीतरी करतो आणि गुडघा धरून बसतो. नऊ रात्री अनवाणी घेतलेल्या गिरक्या हाही पायांवरचा मोठा भार आहे. त्या दिवसांत लांबची धाव पूर्णपणे वगळावी आणि गरबा हाच व्यायाम म्हणून चौकटीत लिहावा, त्यात काही चुकीचे नाही.

खरा हंगाम कोजागिरीनंतर सुरू होतो. मात्र जानेवारीत सूर्य सव्वासातनंतर उगवतो, म्हणून पहाटेच्या अंधारात फिक्या रंगाचा किंवा चमकणारी पट्टी असलेला सदरा घालावा. १४ जानेवारीच्या आगेमागे रस्त्यावर पडलेली पतंगाची दोरी घोट्याला गुंडाळली जाते. ती धावता धावता पायाने झटकून तोडू नये, थांबून हाताने सोडवावी. खांबांमधून लोंबकळणारा काच लावलेला मांजा अंधारात दिसतच नाही, म्हणून त्या आठवड्यात उजाडल्यावरच निघावे.

सहावी पायरी: सोबत आणि घरची संमती मिळवावी

प्रोफेसर माणिकरावांच्या जुम्मादादा व्यायाममंदिराच्या या गावात व्यायामाची सोबत मिळणे अवघड नाही. मोठ्या गटात धावावे, पण एक जोडीदार असा असावा की जो काळ्या घोड्याच्या पुतळ्यापाशी आपली वाट पाहत उभा असेल. पहाटे कोणीतरी थंडीत उभे आहे, ही जाणीव कोणत्याही घड्याळाच्या गजरापेक्षा जोरदार असते. जोडीदाराचा सावकाश धावण्याचा वेग आपल्या वेगाशी जुळतो हे पाहावे. गटातल्या मोबाइलवर रोज येणारे दुसऱ्यांचे आकडे मात्र आठवड्यातून एकदाच पाहावेत. तुलनेने आलेला जोर चार दिवस टिकतो आणि मागे कडवटपणा ठेवून जातो.

घरच्यांना विश्वासात घेतल्याशिवाय हा नेम चालत नाही, विशेषतः स्त्रियांचा. मी सुरुवात केली तेव्हा दांडियाबाजारातल्या आमच्या घरी सासूबाईंना काळजी वाटे. त्या म्हणाल्या, “अगं, अंधारात एकटी जातेस, मला झोप लागत नाही. जायचंच असेल तर मला उठवून जा.” मग त्या गॅलरीत उभ्या राहू लागल्या आणि मी वळणावरून हात केल्यावरच आत जाऊ लागल्या. आज निघायची वेळ झाली आणि मी उठले नाही, तर त्याच दार वाजवतात. घरात कोणता रस्ता आणि किती वाजता परत, एवढे रोज सांगून निघावे. भटकी कुत्री अंगावर आली तर पळू नये, वेग टाकून चालू लागावे.

सातवी पायरी: मन नको म्हणते तेव्हा कारण शोधावे

‘नको’ हा एकच शब्द असला तरी त्याच्या मागची कारणे वेगळी असतात आणि प्रत्येकावरचा उपाय वेगळा आहे. कंटाळा असेल तर रस्ता बदलावा: एरवी अकोट्याकडे जात असाल तर एक दिवस सूरसागरला वळसा घालून मांडवीवरून यावे, घड्याळ घरी ठेवावे. आळस असेल तर वर सांगितलेल्या दहा मिनिटांत तो निघून जातो.

थकवा मात्र दहा मिनिटांत जात नाही, उलट वाढतो. सकाळी अंथरुणातच नाडी मोजण्याची सवय ठेवावी. ती लागोपाठ काही दिवस नेहमीपेक्षा मिनिटाला पाच-दहा ठोक्यांनी जास्त लागत असेल, झोप उडाली असेल आणि चिडचिड होत असेल, तर शरीर विश्रांती मागत आहे आणि अशा वेळी नेमाच्या नावाखाली धावणे हा हटवादीपणा होय. तीन दिवस पूर्ण थांबावे. आठवडे उलटूनही थकवा हटत नसेल तर रक्त तपासून घ्यावे. शाकाहारी घरांत बी-१२ आणि स्त्रियांमध्ये लोह कमी असणे सर्रास आढळते आणि ती कमतरता कितीही मन घट्ट केले तरी भरून निघत नाही.

आजारपण किंवा दुखापतीमुळे दोन आठवड्यांहून जास्त खंड पडला, तर दम थोडा कमी झालेला असतो, हे गृहीत धरून पूर्वीच्या निम्म्या मिनिटांनी सुरुवात करावी. राहिलेले भरून काढण्याचा प्रयत्न करू नये.

आठवी पायरी: रविवारची लांब धाव तुकड्यांत करावी

तीस किलोमीटर हा आकडा डोळ्यांसमोर ठेवून निघाले की पाचव्याच किलोमीटरला मन दमते. म्हणून पुढच्या खुणेपर्यंतच जायचे आहे असे धरावे, तिथे दोन घोट पाणी प्यावे आणि मग त्यापुढची खूण मनात आणावी. तासाभरापेक्षा जास्त धावायचे असेल तर लिंबू, मीठ आणि साखरेचे पाणी बरोबर घ्यावे. तासन् तास नुसते साधे पाणी भरपूर पिणे धोक्याचे असते, कारण रक्तातले मीठ विरळ होते. शरीरातली साखरेची साठवण बहुतेकांची ३० किलोमीटरच्या आसपास संपत येते, म्हणून खजूर किंवा चिक्की पहिल्या तासापासूनच थोडी थोडी खावी.

पहिल्या पूर्ण मॅरेथॉनमध्ये मी यांतले काहीच केले नाही. गर्दीच्या जोशात पहिले दहा किलोमीटर ठरवल्यापेक्षा जलद धावले, काही खाल्ले नाही, आणि तिसाव्या किलोमीटरनंतर बहुतेक अंतर चालत पार केले. पुढचे तीन महिने बुटांना हात लावावासा वाटला नाही. म्हणून शर्यतीच्या दिवशी सुरुवातीला एकोणतिसाचा पाढा जरूर म्हणावा.

नववी पायरी: शर्यतीनंतरचा आठवडा आधीच आखावा

इतके महिने ज्या दिवसाकडे डोळे लावून बसलो तो संपला की घर रिकामे वाटावे तसे वाटते, आणि होळीनंतर फाटकाशी न दिसणारी माणसे याच दिवसांत हरवतात. म्हणून शर्यतीच्या आधीच दिनदर्शिकेत पुढचे तीन आठवडे भरून ठेवावेत: पहिला आठवडा फक्त चालणे आणि सकाळी पोटभर फाफडा-जिलेबी, दुसऱ्यात एक दिवसाआड वीस मिनिटे, तिसऱ्यात तीस. तिसऱ्या आठवड्याच्या रविवारच्या चौकटीत जोडीदाराचे नाव आणि काळ्या घोड्यापाशी भेटण्याची वेळ लिहावी, आणि ती वेळ त्यालाही त्याच दिवशी कळवावी.