मांजराच्या खेळावर व्हायोलिनची लोकधून कशी बांधावी

व्हायोलिनवर मांजर वाजवायचं म्हटलं की बहुतेकांचा हात आधी ‘म्याँव’कडे जातो. बोट तारेवरून घसरवलं की आवाज निघतो, पोरं हसतात आणि पुढं काय वाजवायचं ते सुचत नाही. आवाजाची नक्कल एकदाच चालते. पुन:पुन्हा ऐकावीशी वाटते ती मांजराची चाल. दबकत येणं, मध्येच थबकणं आणि भलत्याच वेळी झेप घेणं, हे सगळं लयीतलं आहे, म्हणून धून लयीपासून बांधायला घ्यावी.

साचा

आयर्लंड, स्कॉटलंड आणि अमेरिकेतल्या अ‍ॅपलेशियन डोंगराळ भागात व्हायोलिनलाच फिडल म्हणतात. तिथल्या नाचाच्या धुनांचा साचा अगदी सुटसुटीत असतो. दोन भाग, प्रत्येक भाग 8 आवर्तनांचा, आणि प्रत्येक भाग दोनदा वाजवायचा. एकूण 32 आवर्तनं झाली की पुन्हा पहिल्यापासून. ‘जिग’ प्रकारात एका आवर्तनात 3-3 अशा सहा मात्रा असतात, म्हणजे मोजायला आपला दादरा. ‘रील’ असेल तर आठ, तिथं कहरवा मोजा. मांजराला जिग बरी. तिच्या झुलत्या चालीत पावलंही बसतात आणि उडीही.

एक धोका कोल्हापूरकरांना जास्त. जयपूर-अत्रौली घराण्याचे गायक अल्लादियाखाँसाहेब राहिले ते हे गाव, देवल क्लब ही संगीतसंस्था इथं 1883 पासून चालू. स्वर हाताला लागला की बढत, म्हणजे स्वरविस्तार, करावीशी वाटणारच. इथं तो मोह टाळायचा. लोकधून एकाकडून नुसती कानाने ऐकून दुसऱ्याला वाजवता आली पाहिजे.

आधी मांजर बघा

मांजरं पहाटे आणि तिन्हीसांजेला जास्त खेळतात, तेव्हाच बसा. दोरीला कागदाचा बोळा बांधून दहाएक मिनिटं खेळवा आणि मोबाईलवर स्लो मोशनमध्ये चित्रण करा. एकच गोष्ट नीट मोजायची: दबा धरून बसल्यावर मागचा भाग किती वेळा हलतो आणि मग किती वेळ काहीच होत नाही. झेपेआधीची ती शांतता हा धुनेतला सगळ्यात महत्त्वाचा ‘स्वर’ आहे. खेळ संपला की दोरी उचलून कपाटात ठेवा. दोरा, लोकर किंवा व्हायोलिनची तुटलेली तार मांजराच्या पोटात गेली तर आतडी गोळा होऊन जिवावर बेतू शकतं.

सूर

व्हायोलिन नेहमीच्या मिळवणीत (जी-डी-ए-ई) ठेवा आणि पांढरी दोनचा, म्हणजे डीचा, षड्ज धरा. मग चार मोकळ्या तारा जाडीकडून बारकीकडे अशा येतात: मंद्र म, सा, प, तार रें. सगळे स्वर शुद्ध, फक्त निषाद कोमल, म्हणजे खमाज थाट. कोमल नीसाठी ‘प’च्या तारेवर दुसरं बोट पहिल्याला चिकटवून ठेवायचं, ते सवयीनं पुढं सरकलं की नी शुद्ध होतो आणि धुनेतला खट्याळपणा जातो. खालची धून पहिल्या पोझिशनमध्येच बसते, हात वर सरकवावा लागत नाही.

पहिला भाग: दबा आणि झेप

नमुना म्हणून एक धून पूर्ण देतो. प्रत्येक ओळ एक आवर्तन, प्रत्येक अक्षर एक मात्रा, ‘–’ म्हणजे स्वर लांबवा, ‘०’ म्हणजे पूर्ण शांतता. अक्षराखाली टिंब म्हणजे खालचं मंद्र सप्तक, डोक्यावर टिंब म्हणजे वरचं तार सप्तक.

1) सा रे ग । सा रे ग
2) प – – । ० ० ०
3) सा रे ग । म ग रे
4) सा – ध़ । प़ – –
5) सा रे ग । सा रे ग
6) प – – । ० ० सां
7) – नि ध । प म ग
8) रे – ग । सा – –

पहिल्या ओळीतली पावलं गजाच्या मध्यावर, प्रत्येक स्वराला जेमतेम पाच-सहा सेंटीमीटर गज देऊन वाजवा. दुसऱ्या ओळीत गज तारेवरच थांबवा, उचलू नका. उचलला की परत टेकवताना खर्र होतं आणि सगळ्या घराला कळतं की मांजर येतंय.

आता सहावी ओळ. ऐकणाऱ्याला दुसऱ्या ओळीची आठवण असते, त्यामुळे तो तीन मात्रांची शांतता धरून बसतो. सां मात्र सहाव्या मात्रेवरच पडतो आणि समेवर, म्हणजे पुढच्या ओळीच्या पहिल्या मात्रेवर, नवा आघात न होता तसाच लांबतो. झेप समेची वाट बघत नाही. बहुतेकांचं इथंच चुकतं: सां नकळत सरकून समेवर येतो आणि मांजराऐवजी म्हैस चालल्यासारखं होतं. उपाय म्हणजे पायानं सम देत तोंडानं ‘एक दोन तीन चार पाच हा’ असं म्हणणं. तोंडी बसलं की मगच गज हातात घ्या.

गजाची दिशा आधीच ठरवून ठेवा. पहिल्या ओळीला खाली ओढून सुरुवात केली आणि प्रत्येक स्वर सुटा वाजवला, तर तिसरी ओळ वर ढकलून सुरू होते. बिचकू नका, पाचव्या ओळीला गज आपोआप पुन्हा खाली ओढण्यावर येतो आणि सहाव्यातला सां वर ढकलतानाच पडतो. ढकलताना स्वर आपसूक फुगतो, तेच हवं. मध्येच दिशा ‘दुरुस्त’ करायला गेलात तर झेपेचा जोर जातो.

दुसरा भाग: धावाधाव

पहिल्या भागात थांबे आहेत, म्हणून दुसऱ्यात शांतता अजिबात नको, आणि स्वर वरचे हवेत. सोप्यातून माळ्यावर, माळ्यावरून पुन्हा खाली, अशी धाव.

1) सां रें गं । रें सां नि
2) ध नि सां । प – –
3) सां रें गं । मं गं रें
4) सां – ध । प – –

पाचवी-सहावी ओळ म्हणजे याच भागातली पहिली-दुसरी. सातवीत ‘सां नि ध । प म ग’ घ्या, या वेळी सां बरोबर समेवर, आणि आठवी पहिल्या भागातली. तोच उतार एकदा समेआधी आणि एकदा समेवर आला की ऐकणाऱ्याला दोन्ही भाग एकाच मांजराचे वाटतात. दोन्ही भाग एकाच उंचीवर फिरत राहिले तर मात्र कितीही स्वर घातले तरी धून सपाट होते.

गुरगुर आणि म्याँव

मांजराची गुरगुर सेकंदाला साधारण 25 कंपनांच्या आसपास सुरू होते, आणि व्हायोलिनची सगळ्यात जाड तार 196 वर आहे, म्हणजे जवळजवळ तीन सप्तकं वर. तो आवाज काढता येणार नाही; भास मात्र देता येतो. चौथ्या ओळीत जाड तारेवर प़ धरताना शेजारची मोकळी सा बरोबर वाजू द्या, गज हलका आणि संथ. प़ किंचितही चढला-उतरला तर दोन तारा एकमेकींशी भांडतात, तेव्हा ही जोडी वेगळी घासून घ्या.

म्याँव एकदाच, तेही अगदी शेवटच्या फेरीत. आठव्या ओळीत रेवरचं पहिलं बोट न उचलता गपर्यंत ओढत न्या. मींड दोन मात्रांत पूर्ण व्हावी. प्रत्येक फेरीत म्याँव केलंत तर तिसऱ्या फेरीला कुणी हसत नाही.

साथ आणि वेग

ढोलकीवर साधा दादरा पुरे: धा धी ना । धा ती ना. वाजवणाऱ्याला आधीच बजावून ठेवा की दुसऱ्या आणि सहाव्या ओळीतल्या रिकाम्या जागा भरायच्या नाहीत. आपल्याकडच्या हाताला रिकामी जागा दिसली की तिथं तुकडा घातल्याशिवाय चैन पडत नाही. हलगी झकास, पण ती मैदानात. घरात हलगी कडाडली तर मांजर दोन दिवस माळ्यावरून उतरायचं नाही.

दादऱ्यात दोन ठोके धरून मिनिटाला 80 ठोक्यांनी सुरुवात करा. 32 आवर्तनं 48 सेकंदांत होतात. नाचाच्या जिगचा वेग 112 च्या पुढं असतो, तिथं जायची घाई नको. शांतता नीट ऐकू येईपर्यंत 80 वरच थांबा. सराव घरातच असेल तर घोडीवर (तारा टेकतात त्या लाकडी पट्टीवर) रबरी म्यूट लावा. मांजराला माणसापेक्षा खूप वरच्या पट्टीचं ऐकू येतं, बारक्या तारेचा किरकिराट त्याला आपल्याहून जास्त टोचतो. आणि जुलै-ऑगस्टच्या झडीत तारा पिळायच्या खुंट्या फुगून बसल्या तर पिरगाळू नका: तार सैल करून खुंटी अलगद काढा, घासल्या जाणाऱ्या जागी कोरडा साबण चोळा आणि परत बसवा. उन्हाळ्यात घसरायला लागली की त्याच जागी खडू.