अ‍ॅडव्हान्सचा जीएसटी बिलाची वाट बघत नाही

परभणीहून बी.कॉम. करून संभाजीनगरात एका आर्किटेक्टच्या ऑफिसात अकाउंट्सला लागलो, तेव्हा टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर येत होतं. अ‍ॅडव्हान्स म्हणजे कमाई नाही, काम होईपर्यंत ते देणंच, हेही पाठ होतं. या अर्ध्या माहितीनंच मला गोत्यात आणलं.

फेब्रुवारीत जालन्याच्या एका कंपनीचा अ‍ॅडव्हान्स आला. फी २,००,०००, वर १८ टक्क्यांनी जीएसटी ३६,०००. त्यांनी फीवर १० टक्के टीडीएस, म्हणजे आमच्या नावानं सरकारला भरायचा आयकर, कापला, बँकेत पडले २,१६,०००. मी तेवढेच त्यांच्या खात्याला अ‍ॅडव्हान्स म्हणून जमा केले. सीनियर म्हणाले, "बिल जूनमध्ये निघंल, जीएसटीचं तवा बघू." त्यांची हयात मोंढ्यातल्या दुकानांचे हिशेब लिहिण्यात गेलेली. मालाच्या अ‍ॅडव्हान्सवर नोव्हेंबर २०१७ पासून जीएसटी नाही, म्हणून दुकानाला त्यांचं म्हणणं बरोबर होतं. आपण सेवा देतो. सेवेत पैसे आले की त्याच महिन्यात जीएसटी देणं लागतं, भले नकाशाची एक रेघ ओढलेली नसो. कमाई कधी दाखवायची आणि जीएसटी कधी भरायचा, या दोन तारखा वेगळ्या. मी त्या एकच धरल्या. जुलैत चूक सापडली तेव्हा ३६,००० वर वर्षाला १८ टक्क्यांनी व्याज बसलं. त्या रात्री झोप लागली नाही.

खरी नोंद अशी: बँक २,१६,००० आणि टीडीएस येणे २०,००० नावे (डेबिट), क्लायंटचा अ‍ॅडव्हान्स २,००,००० आणि जीएसटी देणे ३६,००० जमा (क्रेडिट). क्लायंटला रिसीट व्हाउचर, म्हणजे अ‍ॅडव्हान्स मिळाल्याची पावती, द्या. त्या महिन्यात बिल निघालं नाही तर जीएसटीआर-१ या विक्रीच्या रिटर्नच्या ११ए तक्त्यात रक्कम दाखवा, पुढं बिल काढाल तेव्हा ११बी मध्ये वळती करा. ही वळती विसरलात तर तोच कर दोनदा भराल. काम रद्द होऊन पैसे परत गेले तर रिफंड व्हाउचर.

मार्च उलटला आणि टीडीएस २६एएस मध्ये, म्हणजे आयकर खात्याच्या कापलेल्या कराच्या उताऱ्यात, दिसतोय, पण कमाई पुढच्या वर्षाची, तर घाबरू नका. कमाई ज्या वर्षी दाखवाल त्या वर्षी तो टीडीएस मिळतो. तो जुळावा म्हणून फी आधीच्या वर्षात ओढू नका.

सीनियरचा मान ठेवा, पण "नंतर बघू" म्हणाले की नियम स्वतः वाचा. यूट्यूबवरच्या दहा मिनिटांच्या एंट्र्यांवर माझा भरवसा नाही. त्यातले बहुतेक दाखले दुकानाचे असतात.

आता मी एक तारखेला बँकेचं स्टेटमेंट काढतो आणि बिल नसलेल्या प्रत्येक जमेवर लाल खूण करतो. जीएसटीआर-१ भरायच्या ११ तारखेआधी त्या खुणा निकालात निघायला हव्यात. पहिले तीन-चार महिने जड जातं, मग हाताला सवय होते.