झाडाला फुलं कधी आली याची नोंद कशी ठेवायची

हवामान बदलामुळे ऋतूंचं वेळापत्रक कसं सरकतंय हे स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं असेल तर एक वही आणि एक झाड पुरतं, खरंच. पालवी कधी फुटली, पहिलं फूल कधी उमललं, पाहुणे पक्षी कधी आले, या तारखांच्या अभ्यासाला फिनॉलॉजी म्हणतात आणि त्यासाठी डिग्री लागत नाही. इंग्लंडमधल्या रॉबर्ट मार्शमने १७३६ मध्ये अशा नोंदी सुरू केल्या आणि पुढच्या पिढ्यांनी त्या १९५८ पर्यंत चालू ठेवल्या, शास्त्रज्ञ आजही त्या वापरतात.

झाड रोज जाता-येता दिसेल असंच घ्या, दुर्मिळ काहीतरी शोधत बसू नका. रात्रभर स्ट्रीटलाइटखाली उभं असलेलं किंवा रोज पाणी मिळणारं झाड शक्यतो नको कारण त्याचं टाइमटेबल आधीच वेगळं असतं.

मग वहीच्या पहिल्याच पानावर तुमचा नियम लिहा. "फूल आलं" म्हणजे नक्की काय? कळी फुगली तेव्हा, की पाकळ्या उघडून आतले पुंकेसर दिसले तेव्हा? काहीही ठरवा पण दरवर्षी तेच धरा, नाहीतर पाच वर्षांनी तारखांची तुलनाच करता येणार नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. आठवड्यातून एकदा बघा, कळ्या दिसायला लागल्या की एक दिवसाआड, आणि काहीच झालं नसेल तरी "अजून नाही" असं तारखेसकट लिहा. लोक हेच टाळतात! समजा १० तारखेला फूल दिसलं पण त्याआधी तुम्ही १ तारखेला बघितलं होतं, तर फूल मधल्या कुठल्याही दिवशी आलेलं असू शकतं, आणि आधीची "नाही" नसेल तर तेवढंही कळत नाही. फक्त पहिल्या फुलावर अवलंबून राहू नका, एखादी फांदी अशीच लवकर फुलते, म्हणून अर्धं झाड फुललं ती तारीखही टाका. सोबत एक फोटो, दरवेळी त्याच जागेवरून.

जमलं तर त्याच झाडावरचे किडे, अळ्या, पक्षी पण लिहा, कारण खरी काळजीची गोष्ट तिथेच आहे. सगळे जीव एकाच इशाऱ्यावर चालत नाहीत. काही तापमानावर चालतात, काही दिवसाच्या लांबीवर, आणि तापमान वाढलं तरी दिवसाची लांबी आहे तीच राहते. पाईड फ्लायकॅचर हा छोटा माशीमार पक्षी हिवाळा पश्चिम आफ्रिकेत काढून नेदरलँड्समध्ये अंडी घालायला येतो. तिकडे वसंत लवकर गरम व्हायला लागला तशा झाडांवरच्या अळ्याही लवकर व्हायला लागल्या, पण आफ्रिकेत बसलेल्या पक्ष्याला ते कळणार कसं, तो निघतो जवळपास जुन्याच वेळेला आणि पिल्लांना भरवायची वेळ येते तेव्हा अळ्यांचा बहर ओसरलेला असतो. जिथे अळ्या सगळ्यात लवकर येऊन जातात तिथे या पक्ष्यांची संख्या साधारण दोन दशकांत सुमारे ९० टक्क्यांनी घटली. म्हणून एकट्या फुलाच्या तारखेपेक्षा फूल आणि त्यावर येणारी मधमाशी, अशी जोडी नोंदवली तर जास्त कामाची.

दोन-तीन वर्षांत निष्कर्ष काढू नका. एखादं वर्ष थंड असतं, एखादं गरम, तारखा मागेपुढे होणारच. २००३ मध्ये जगभरातल्या नोंदी एकत्र केल्या तेव्हा वसंतातल्या घटना दर दशकाला सरासरी २.३ दिवस लवकर होऊ लागलेल्या दिसल्या, इतका बारीक बदल थोड्या वर्षांत दिसत नाही. जपानच्या क्योतोमध्ये चेरीच्या बहराच्या नोंदी नवव्या शतकापासून आहेत, म्हणूनच २०२१ मध्ये २६ मार्चला आलेला पूर्ण बहर तोवरच्या १२०० वर्षांतला सगळ्यात लवकरचा होता हे सांगता आलं.

नोंदी आयनॅचरलिस्टसारख्या ॲपवरही टाका म्हणजे इतरांना वापरता येतील, पण वही सोडू नका. घर बदलणार असाल तर शेजारच्या एखाद्या उत्साही मुलाला झाड दाखवा, पहिल्या पानावरचा नियम समजावून सांगा आणि वही त्याच्याकडे द्या.