लाइन आली की प्रिंटर ‘ऑफलाइन’ का होतो? पत्ते पक्के करायची रीत

दुपारी लाइन जाते, तासाभराने येते. सेवा केंद्रात लोक सातबाऱ्यासाठी थांबलेले असतात आणि कॉम्प्युटर सांगतो, प्रिंटर ऑफलाइन. प्रिंटर चालू असतो, वायरही ठीक असते. घोळ बहुतेकदा पत्त्याचा असतो. राउटर प्रत्येक उपकरणाला आयपी पत्ता उसना देतो, आणि बरेच साधे राउटर बंद पडले की कोणाला काय दिलं ते विसरतात. काल प्रिंटरकडे असलेला १९२.१६८.१.५ आज कोणाच्या मोबाइलकडे जातो. कॉम्प्युटर मात्र जुन्याच दारावर थाप मारत राहतो.

पत्त्याचे चार भाग असतात, प्रत्येक ० ते २५५. सबनेट मास्क २५५.२५५.२५५.० असेल तर पहिले तीन भाग म्हणजे गाव आणि चौथा म्हणजे घर क्रमांक. ० गावाच्या नावाला आणि २५५ दवंडीला राखीव, म्हणून घरं २५४. गेटवे म्हणजे फाटा: गावाबाहेर जायचं तर तिथूनच. घरच्या जाळ्यात तो राउटरच असतो.

आता काम. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये (आज्ञा टाइप करायची काळी खिडकी) ‘आयपीकॉन्फिग’ हा शब्द इंग्रजीत टाइप करा. पत्ता, मास्क, गेटवे दिसेल. गेटवेचा आकडा ब्राउझरमध्ये टाकला की राउटरचं पान उघडतं (आकडे इंग्रजीच टाका). तिथे डीएचसीपीची, म्हणजे राउटर आपोआप वाटतो त्या पत्त्यांची, हद्द १०० ते १९९ करा; त्याखालचे आकडे आपल्याला मोकळे राहतात. मग प्रिंटरच्या नेटवर्क सेटिंगमध्ये ‘मॅन्युअल’ निवडून १९२.१६८.१.२० द्या, कॅमेऱ्याच्या डीव्हीआरला (चित्रण साठवणारा डबा) १९२.१६८.१.२१. पत्त्याचे पहिले तीन भाग, मास्क आणि गेटवे कॉम्प्युटरवर दिसले तेच. शेवटी कॉम्प्युटरवर प्रिंटरच्या पोर्टमध्येही (प्रिंटर कुठल्या पत्त्यावर शोधायचा ती नोंद) नवा पत्ता घाला. ही पायरी बहुतेक जण विसरतात आणि मग सगळी मेहनत वाया गेली असं वाटतं.

राउटरमध्ये मॅक पत्त्यावरून (उपकरणाला कारखान्यातच मिळालेला ओळख क्रमांक) जागा राखून ठेवायचीही सोय असते. पण आपल्याकडे पावसाळ्यात विजेने राउटर जळतात, आणि राउटरबरोबर ती यादीही जाते. म्हणून पत्ता उपकरणातच पक्का केलेला बरा. नवा राउटर आला की त्याचा स्वतःचा पत्ता आणि डीएचसीपीची हद्द तेवढी जुन्यासारखी करायची. कोणाला काय दिलं ते कागदावर लिहून राउटरजवळ चिकटवा.

पत्ता देण्याआधी तो रिकामा आहे का, हे पिंग करून, म्हणजे त्याला हाक मारून बघा: कमांड प्रॉम्प्टमध्ये इंग्रजीत ‘पिंग’, मोकळी जागा आणि पत्ता. मात्र उत्तर आलं नाही म्हणजे रिकामाच, असं समजू नका. विंडोजची फायरवॉल (बाहेरच्यांना अडवणारा पहारेकरी) बऱ्याचदा पिंगला उत्तर देऊ देत नाही. पिंगनंतर ‘एआरपी’, मोकळी जागा, आडवी रेघ आणि ‘ए’ असं इंग्रजीत टाइप करा. त्या पत्त्यासमोर मॅकच्या (अक्षर-आकड्यांच्या) सहा जोड्या दिसल्या तर तिथे कोणीतरी आहे. एकच पत्ता दोघांना दिला तर दोघांचंही नेट थांबत-थांबत चालतं आणि कारण लवकर सापडत नाही.

कॉम्प्युटरवर १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसला तर पत्ता देणारं कोणी भेटलंच नाही, म्हणून त्याने स्वतःच घेतला. आधी वायर, मग राउटर तपासा.

फायबरच्या डब्याला स्वतःचा दुसरा राउटर जोडला की दोघांचाही पत्ता १९२.१६८.१.१ निघू शकतो. दुसऱ्याचं डीएचसीपी बंद करा, त्याला १९२.१६८.१.२ द्या आणि डब्याकडून येणारी वायर त्याच्या वॅन (बाहेरच्या इंटरनेटच्या) नव्हे, लॅनच्या (घरच्या जाळ्याच्या) छिद्रात लावा. मग वायफाय कोणत्याही राउटरचं घेतलं तरी प्रिंटर सापडतो.